टेस्ट एन्व्हायर्न्मेंट एकदाच नीट बांधून पुन्हा पुन्हा कसं वापरायचं?

ओसरी · २ जून, रात्री १०:४०

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "बिल्ड हातात आला की पहिले दोन दिवस मशीन तयार करण्यातच जातात, टेस्टिंगला उरतात तीन." बिल्ड म्हणजे सॉफ्टवेअरची तपासायला आलेली ताजी आवृत्ती, आणि ज्या मशीनच्या संचावर ती तपासतो ते टेस्ट एन्व्हायर्न्मेंट. तो संच पुन्हा पुन्हा कसा वापरायचा यावर तेव्हा सविस्तर लिहीन असं कबूल केलं होतं. आज सवड मिळाली.

मी पुण्यात टेस्टिंग करते, १५ वर्षं झाली. आमचं उत्पादन मध्यम आकाराच्या कारखान्यांसाठीचं स्टॉक आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर. ते चालायला चार मशीन लागतात: एक वेब सर्व्हर, डेटाबेससाठी एक एसक्यूएल सर्व्हर, गोदामातल्या माणसाच्या टेबलावर असतो तसा एक क्लायंट, आणि लॉगिन विंडोजच्या खात्यावरून होतं म्हणून एक डोमेन कंट्रोलर, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधली (डोमेनमधली) खाती आणि मशीन ओळखणारा सर्व्हर. २०११ सालापर्यंत आमच्याकडे अशा चार मशीनचा एकच संच होता आणि आम्ही टेस्टर चौघे. एकाने अपग्रेड तपासायला घेतलं की बाकी तिघे थांबणार. दुसऱ्याने डेटाबेसमध्ये काही बदललं की पहिल्याचा बग पुन्हा दिसणार नाही. डेव्हलपर म्हणणार, "माझ्या मशीनवर चालतंय." त्याचंही खरंच असायचं, कारण त्याच्या मशीनचा आणि आमच्या मशीनचा काही संबंधच नव्हता.

त्या वर्षी आम्हाला मायक्रोसॉफ्टच्या टीम फाउंडेशन सर्व्हर २०१० (कोड, बिल्ड आणि बग सांभाळणारं साधन) सोबत व्हिज्युअल स्टुडिओचं लॅब मॅनेजमेंट मिळालं. खाली हायपर-व्ही (एका खऱ्या मशीनमध्ये अनेक आभासी, म्हणजे व्हर्च्युअल, मशीन चालवणारं), त्यावर त्या मशीन सांभाळणारं सिस्टीम सेंटर व्हर्च्युअल मशीन मॅनेजर, आणि वर टेस्ट मॅनेजरमधलं लॅब सेंटर. हे साधन आता इतिहासजमा झालंय, त्याबद्दल खाली कुणी ना कुणी विचारेलच. पण पुन्हा वापरता येणारं एन्व्हायर्न्मेंट म्हणजे नेमकं काय, हे मला त्यानेच शिकवलं, म्हणून तिथूनच सांगते.

पहिली चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, आम्हीही केली. चारही मशीन व्यवस्थित इन्स्टॉल केली, आमचं सॉफ्टवेअर त्यावर चढवलं, सगळं चालतंय हे पाहिलं आणि तसंच्या तसं लायब्ररीत, म्हणजे तयार मशीनच्या साठ्यात, ठेवून दिलं. दोन आठवड्यांनी नवा बिल्ड आला. आता लायब्ररीतल्या प्रतीत जुना बिल्ड, म्हणजे आधी तो काढायचा आणि मग नवा टाकायचा. काढताना विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदवहीत) काहीबाही मागे राहतं. तिसऱ्या बिल्डपर्यंत ते "स्वच्छ" एन्व्हायर्न्मेंट इतकं मळलं की त्यावर सापडलेला बग उत्पादनाचा की उरलेल्या कचऱ्याचा, हे सांगता येईना.

तेव्हापासून मी मशीनकडे तीन थरांत बघते. सगळ्यात खाली ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिचे अपडेट. मधे एसक्यूएल सर्व्हर, आयआयएस, डॉटनेट, टेस्ट एजंट अशी वर्षातून एकदोनदाच बदलणारी मंडळी. वर आपलं स्वतःचं सॉफ्टवेअर. जतन करायचे ते फक्त खालचे दोन थर. वरचा थर दर वेळी स्क्रिप्टनेच चढला पाहिजे, हाताने कधीच नाही. या एका नियमावर आमची सगळी लॅब उभी राहिली.

आता जतन कसं करायचं ते. दोन वाटा आहेत. एक टेम्प्लेटची (साच्याची): मशीनवर विंडोजचं सिसप्रेप हे साधन चालवायचं, म्हणजे तिचं नाव, ओळख, एसआयडी (विंडोजमधला ओळखक्रमांक) सगळं पुसलं जातं आणि पुढच्या प्रत्येक प्रतीला नवं मिळतं. एक खबरदारी घ्या. व्हर्च्युअल मशीन मॅनेजरमध्ये तयार मशीनपासून टेम्प्लेट बनवलं की मूळ मशीन त्यातच खर्ची पडते, ती परत मिळत नाही. म्हणून आधी क्लोन (हुबेहूब प्रत) काढा आणि क्लोनचं टेम्प्लेट करा. आमच्या एका सहकाऱ्याची दोन दिवसांची मेहनत अशीच गेली. तो संध्याकाळी बराच वेळ काही न बोलता स्क्रीनकडे बघत बसला होता, ते मला अजून आठवतं.

दुसरी वाट म्हणजे मशीन आहे तशी, नावागावासकट ठेवायची. डोमेन कंट्रोलरला सिसप्रेप चालतच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी हीच वाट. एसक्यूएल सर्व्हरच्या पोटातही मशीनचं जुनं नाव लिहिलेलं राहतं, ते नंतर बदलत बसावं लागतं, म्हणून तोही आम्ही आहे तसाच ठेवला. फक्त क्लायंट टेम्प्लेटवरून, कारण तिथे आम्हाला वेगवेगळी विंडोज आणि वेगवेगळी ऑफिस हवी होती.

पण आहे तशा ठेवलेल्या मशीनच्या दोन प्रती एकाच नेटवर्कवर उभ्या केल्या तर? एकाच नावाच्या, एकाच आयपीच्या दोन मशीन. दोन्ही एकमेकींच्या पायात येतात. यावरचा उपाय म्हणजे नेटवर्क आयसोलेशन, आणि माझ्या मते सगळ्या लॅब मॅनेजमेंटचा जीव यातच आहे. प्रत्येक मशीनला दोन नेटवर्क कार्ड. एक आतल्या खासगी नेटवर्कचं, जिथे चौघी एकमेकींना नेहमीच्याच नावाने हाक मारतात. दुसरं बाहेरच्या ऑफिस नेटवर्कचं, जिथे प्रत्येक प्रतीला वेगळं नाव मिळतं आणि टेस्टर त्या नावाने आत शिरतो. डोमेन कंट्रोलरला बाहेरचं कार्ड दिलंच नाही, नाहीतर तो ऑफिसच्या खऱ्या डोमेनशी भांडला असता. व्हीएमवेअरच्या लॅब मॅनेजरमध्ये याच गोष्टीला फेन्सिंग म्हणत, कुंपण घालणं. तो शब्द मला जास्त आवडतो. कुंपणाच्या आत चारही मशीनना वाटतं की जगात आपणच आहोत, आणि शेजारी तशीच दुसरी चौकडी सुखाने नांदत असते.

याला एक किंमत मोजावी लागली. आतलं नेटवर्क एका होस्टच्या, म्हणजे आभासी मशीन चालवणाऱ्या खऱ्या मशीनच्या, आतलं असल्याने एका चौकडीच्या सगळ्या मशीन एकाच होस्टवर बसल्या पाहिजेत. दोन होस्टवर थोडी थोडी मेमरी शिल्लक आहे, असं असून उपयोग नाही.

शेवटची पायरी. प्रत उभी राहिली, चौघी सुरू झाल्या, एकमेकींना ओळखू लागल्या, की लगेच सगळ्या एन्व्हायर्न्मेंटचा एक स्नॅपशॉट, म्हणजे परत जाता येईल अशी त्या क्षणाच्या अवस्थेची नोंद, घ्यायचा. आम्ही त्याला "कोरा" नाव दिलं होतं. रात्री बिल्ड झाला की वर्कफ्लो (ठरलेल्या पायऱ्या आपोआप करणारा क्रम) स्वतःच "कोरा"वर परत जायचा, बिल्ड कॉपी करायचा, इन्स्टॉल करायचा, टेस्ट चालवायचा. सकाळी आम्ही चहा घेऊन बसेपर्यंत निकाल समोर. आणि बग सापडला तर त्या क्षणाचा स्नॅपशॉट घेऊन त्याची लिंक बगमध्येच टाकायची. डेव्हलपर लिंक उघडून थेट त्याच मशीनसमोर, त्याच अवस्थेत येऊन बसायचा. "माझ्या मशीनवर चालतंय" हे वाक्य आमच्या टीममधून त्यानंतर हळूहळू नाहीसंच झालं.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते.

रानवाट · ३ जून, सकाळी ८:०५

ताई, फार उपयोगी धागा. पण टीम फाउंडेशन सर्व्हरच्या २०१८च्या आवृत्तीपासून लॅब सेंटर काढून टाकलं गेलं ना? मग आज नव्याने सुरू करणाऱ्याने काय करायचं?

ओसरी · ३ जून, सकाळी ९:३०

हो, २०१८पासून ते नाही. आमच्याकडे २०१७ची आवृत्ती बरेच दिवस फक्त त्यासाठीच टिकवून ठेवली होती.

आज मी असं करते. टेम्प्लेटचं काम पॅकर हे साधन करतं. मशीन कशी बनवायची हे एका फाइलीत लिहायचं आणि ती फाइल सोर्स कंट्रोलमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद राहते तिथे) ठेवायची. मशीन उभी करणं टेराफॉर्मकडे, टीम छोटी असेल तर व्हेग्रंटकडे. "कोऱ्यावर परत जा, बिल्ड टाक, टेस्ट चालव" हे कामं ओळीने आपोआप करणाऱ्या पाइपलाइनकडे. क्लाउड चालत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर डेव्हटेस्ट लॅब्ज आहेत. तिथे मशीनचा फॉर्म्युला (ती कशी बनवायची याची सेटिंग) जतन करता येतो, कोण किती मशीन घेऊ शकतो याची मर्यादा घालता येते, आणि रात्री ठरावीक वेळी मशीन आपोआप बंद होतात. ही शेवटची सोय पहिल्याच दिवशी चालू करा. शुक्रवारी संध्याकाळी चालू राहिलेली मशीन सोमवारपर्यंत पैसे खाते.

फरक एवढाच की पूर्वी आम्ही तयार मशीन जपत होतो, आता मशीनची कृती जपतो. लायब्ररीतल्या ४० जीबीच्या डिस्कमध्ये नेमकं काय आहे हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता यायचं नाही. कृती मात्र उघडून वाचता येते, आणि कुणी कधी काय बदललं तेही दिसतं.

दगडफूल · ३ जून, दुपारी १:१५

मला अगदी नेमकी अडचण आहे. आमच्याकडे टेस्टच्या मशीन कंपनीच्या डोमेनला जोडलेल्या आहेत. महिन्या-दीड महिन्यापूर्वीच्या स्नॅपशॉटवर परत गेलं की लॉगिनच होत नाही. मशीन आणि डोमेन यांच्यातलं विश्वासाचं नातं तुटलंय, असा संदेश येतो. दर वेळी आयटीला तिकीट टाकायचं, मग ते येऊन मशीन डोमेनमधून काढून पुन्हा जोडतात. एकदा चार दिवस लागले. असं का होतं?

ओसरी · ३ जून, दुपारी २:५०

दगडफूल, हे जवळपास प्रत्येक लॅबमध्ये होतं, आणि कारण कळलं की फार साधं आहे. जसा तुमचा पासवर्ड असतो तसा डोमेनमध्ये मशीनचाही एक पासवर्ड असतो. विंडोजची मशीन तो डीफॉल्टनुसार दर ३० दिवसांनी स्वतःच बदलते. तुम्ही मशीनला दीड महिना मागे नेलं, तिच्या हातात जुना पासवर्ड आला. डोमेन कंट्रोलर मागे गेला नाही, त्याच्याकडे नवाच आहे. तो हिला ओळखणार कसा?

तातडीचा इलाज: मशीनवर लोकल अ‍ॅडमिनने शिरा आणि पॉवरशेलमध्ये (विंडोजला आज्ञा लिहून द्यायच्या खिडकीत) Test-ComputerSecureChannel ही आज्ञा -Repair या पर्यायासह चालवा. डोमेनमध्ये मशीनचा पासवर्ड बदलण्याचा अधिकार असलेलं खातं लागेल, पण मशीन काढून पुन्हा जोडण्याची गरज नाही. म्हणूनच प्रत्येक टेम्प्लेटमध्ये लोकल अ‍ॅडमिनचं एक चालू खातं असलंच पाहिजे आणि त्याचा पासवर्ड टीमच्या तिजोरीत असला पाहिजे.

कायमचा इलाज वर सांगितलेला: लॅबचा डोमेन कंट्रोलर कुंपणाच्या आत, आणि स्नॅपशॉट नेहमी चौघींचा एकत्र. मागे जायचं तर सगळ्यांनी एकदम जायचं. मग त्यांच्यातली नाती त्या क्षणी होती तशीच राहतात. एकटीला मागे नेलं की घोळ झालाच म्हणून समजा. हेच वेब सर्व्हर आणि डेटाबेसच्या बाबतीतही खरं आहे. तिथे एरर येत नाही एवढंच, चुकीचा निकाल येतो, आणि तो जास्त वाईट.

आणखी एक. चालू अवस्थेतला स्नॅपशॉट परत आणला की मशीनचं घड्याळही काही क्षण जुनंच असतं. डोमेनमध्ये ओळख पटवणारं कर्बेरॉस डीफॉल्टनुसार पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतं. म्हणून परत गेल्यावर वर्कफ्लोची पहिली पायरी वेळ जुळवण्याची ठेवा. टेस्ट त्यानंतर.

कोकणवारा · ३ जून, रात्री ९:२०

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे ज्याच्याकडे हे तिकीट येतं तो. स्टोरेज आणि होस्ट सांभाळतो. ओसरीताईंनी सगळं बरोबर लिहिलंय, त्यात माझ्या बाजूची भर घालतो.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क जिथल्या तिथे गोठते आणि त्यानंतरचं प्रत्येक लिखाण शेजारच्या फरकाच्या फाइलीत जातं. पुढचा स्नॅपशॉट म्हणजे पुढची फाइल. अशी साखळी वाढत जाते आणि प्रत्येक फाइल तिच्या आधीच्या फाइलीवर अवलंबून. हायपर-व्हीच्या २००८ आर२ आवृत्तीत तर मधला स्नॅपशॉट पुसला तरी जागा मोकळी व्हायची नाही, मशीन बंद केल्यावरच त्या फाइलींची जोडणी व्हायची. टेस्टर म्हणायचे, "आम्ही पुसलेत हो सगळे." ते खरंच पुसलेले असायचे, डिस्क मात्र भरलेलीच. डिस्क पूर्ण भरली की त्या व्हॉल्यूमवरच्या (डिस्कच्या त्या भागावरच्या) सगळ्या मशीन थिजून उभ्या राहतात. २०१२पासून मशीन चालू असतानाही जोडणी होते, पण जागेचं गणित तेच.

आता एक प्रसंग. एका जुन्या नोकरीत आम्ही एका मूळ डिस्कवर फरकाच्या डिस्क लावून ११ मशीन चालवत होतो. जागा वाचते, नवी प्रत मिनिटाभरात उभी राहते. एका शनिवारी कुणीतरी चांगल्या हेतूने मूळ डिस्क एका वेगळ्या मशीनला जोडली, सुरू केली, सुरक्षेचे अपडेट टाकले आणि बंद केली. मूळ बदललं आणि त्यावर उभ्या असलेल्या ११ही मशीन निकामी झाल्या. सोमवारी सकाळी माझ्या टेबलाशी टेस्टिंगची अख्खी टीम उभी होती. चिडलेलं कुणीच नव्हतं, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. त्यातल्या एकीचं तीन आठवड्यांच्या कामाचं एन्व्हायर्न्मेंट त्यात होतं.

तेव्हापासून मूळ डिस्क रीड-ओन्ली करायची आणि फाइलीच्या परवानगीतही लिहिण्याचा हक्क कुणालाच ठेवायचा नाही, अगदी मलासुद्धा. अपडेट टाकायचे तर नवी मूळ डिस्क बनवायची, तिच्या नावात वर्ष-महिना घालायचा. जुनीवर उभ्या प्रती संपल्या की मगच ती हलवायची.

ओसरी · ३ जून, रात्री १०:१०

कोकणवारा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. टेस्टर आणि होस्ट सांभाळणारा माणूस एका टेबलाशी बसले तर निम्मे घोटाळे होतच नाहीत.

अपडेटचं आमचं वेळापत्रक ठरलेलं आहे. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात. त्याच आठवड्यात पॅकरने नवी मूळ डिस्क, तिच्यावर छोटी स्मोक टेस्ट (मुख्य गोष्टी चालतात का एवढंच बघणारी), आणि ती पार झाली तरच पुढच्या सोमवारपासून वापरात. जुनी एक महिना ठेवतो.

मोगरा७ · ४ जून, सकाळी ११:००

डेटाबद्दल कुणी काहीच बोललं नाही. एन्व्हायर्न्मेंट कितीही सुबक असलं तरी त्यात डेटा कुठला घालता? आमच्याकडे अजून ग्राहकाच्या खऱ्या डेटाबेसची प्रत टेस्टला आणतात.

मागे एका प्रकल्पात (रुग्णालयाचं सॉफ्टवेअर होतं) अशाच प्रतीवर रात्रीची टेस्ट चालली आणि अपॉइंटमेंटची आठवण देणारे मेसेज खऱ्या लोकांना गेले. काही पेशंट तर हयातही नव्हते. त्यांच्या घरच्यांना तो मेसेज गेला. ते पुढे कसं निस्तरलं हे इथे लिहिणार नाही, पण त्या दिवसापासून मी खऱ्या डेटाला स्पष्ट नाही म्हणते.

ओसरी · ४ जून, दुपारी १२:२५

मोगरा, वाचून पोटात कालवलं. तुम्ही नाही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. आता तर २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे, पण कायदा नसता तरी उत्तर हेच.

कुंपणाचा इथेही उपयोग होतो. आतल्या नेटवर्कवर खोटा मेल सर्व्हर ठेवायचा, जो सगळे मेल घेतो, दाखवतो आणि बाहेर एकही पाठवत नाही. एसएमएस गेटवेचंही तसंच. पत्ते बदललेत ना यावर भरवसा ठेवायचा नाही, बाहेर जायची वाटच ठेवायची नाही.

डेटा आपला आपण रचायचा, आणि तो रचताना आपल्या माणसांसारखा रचायचा. तयार नमुना डेटात सगळी नावं जॉन आणि मेरी. आमच्या "कोऱ्या" एन्व्हायर्न्मेंटमध्ये मी मुद्दाम देवनागरी नावं घातली: ळ असलेली, जोडाक्षरांची, "कु." आणि "श्रीमती" लावलेली, आई-वडील दोघांची नावं मधे असलेली. पहिल्याच रात्री एका अहवालात आडनावांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं छापून आली. डेटाबेसमधला एक कॉलम देवनागरीसकट सगळ्या लिपी साठवणाऱ्या एनव्हारकॅरऐवजी व्हारकॅर प्रकारचा होता. तो बग तीन वर्षं तिथेच होता, इंग्रजी नावांमुळे कुणाला दिसला नव्हता इतकंच.

रिजनल सेटिंगही तसंच. टेम्प्लेट अमेरिकी सेटिंगवर बनवलं की तारीख महिना-दिवस अशी वाचली जाते. मग १२ तारखेपर्यंत टेस्ट पास होतात, कारण ५ जून आणि ६ मे दोन्ही वैध तारखा आहेत, फक्त चुकीच्या. १३ तारखेला सगळं कोसळतं. म्हणून क्लायंटची दोन टेम्प्लेट ठेवा, एक भारताच्या सेटिंगचं, एक अमेरिकेच्या. आणि टाइम झोन दोन्हींत वेगळा. आपला साडेपाच तासांचा, त्यातला अर्धा तास भल्याभल्या कोडला चकवतो.

शिंपला · ४ जून, दुपारी ३:४०

सगळं मान्य, पण डॉकर (कंटेनरमध्ये, म्हणजे हलक्या बंदिस्त डब्यात, सॉफ्टवेअर चालवणारं साधन) २०१३ साली आलं. आता कंपोझची एक फाइल लिहिली की डेटाबेस, वेब, क्यू सगळं काही सेकंदांत उभं राहतं, नेटवर्क वेगळंच असतं, आणि काम झालं की व्हॉल्यूमसकट (साठवलेल्या डेटासकट) पुसून टाकायचं. मग एवढ्या जड व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) कशाला?

ओसरी · ४ जून, संध्याकाळी ६:१५

जिथे चालतं तिथे डॉकरच वापरा, मीही वापरते. आमच्या नव्या सेवांच्या टेस्ट टेस्टकंटेनर्सवर चालतात, प्रत्येक टेस्टला स्वतःचा ताजा डेटाबेस. पाळायचा नियम एकच: इमेजचा (कंटेनरच्या साच्याचा) टॅग कधीही "लेटेस्ट" ठेवायचा नाही, आवृत्तीचा नेमका आकडा लिहायचा. नाहीतर काल पास झालेली टेस्ट आज का पडली हे शोधण्यात दिवस जातो आणि शेवटी कळतं की खालची इमेजच बदलली.

पण गोदामातल्या टेबलावर विंडोजचा क्लायंट आहे. त्याला लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर आहे. जुन्या आवृत्तीवरून नवीवर अपग्रेड करताना मशीन दोनदा रीस्टार्ट होते. हे कंटेनरमध्ये तपासता येत नाही. ग्राहक जे वापरतो ते तपासायचं असेल तर त्याच्यासारखी मशीन लागतेच. आमच्याकडे आज सेवा कंटेनरमध्ये, क्लायंट आणि अपग्रेड व्हीएमवर.

शिंपला · ४ जून, संध्याकाळी ६:४०

अपग्रेडचा मुद्दा पटला. आम्ही फक्त सर्व्हरचं करतो म्हणून लक्षात आला नव्हता.

पायवाट · ५ जून, सकाळी ७:५०

आम्ही कोल्हापुरात तिघे जण मिळून छोटं सॉफ्टवेअर करतो. सर्व्हर नाही, बजेट नाही. एक ३२ जीबी मेमरीचा डेस्कटॉप आहे. आम्हाला यातलं काय जमेल? आणि लायसन्सचं काय?

ओसरी · ५ जून, सकाळी ९:०५

पायवाट, तुम्हाला यातलं जवळपास सगळं जमेल. मोठ्या टीमपेक्षा लवकर जमेल, कारण तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

विंडोज प्रोमध्ये हायपर-व्ही आहेच, फक्त चालू करायचं. नको असेल तर व्हर्च्युअलबॉक्स, त्यात लिंक्ड क्लोनही (एका मूळ डिस्कवर फरकाच्या डिस्क लावलेल्या प्रती) होतात. मेमरीचा हिशोब मांडू: डोमेन कंट्रोलर लागत असेल तर त्याला २ जीबी, डेटाबेसला ४, वेबला २, क्लायंटला ४. झाले १२. दोन प्रती म्हणजे २४, उरलेले ८ होस्टला. दोन टेस्टर एका वेळी सुखाने काम करतील. डिस्क मात्र एसएसडीच हवी. चार मशीन एकदम सुरू होताना जुनी फिरणारी डिस्क दम टाकते.

लायसन्स: विंडोज सर्व्हरची मूल्यमापन आवृत्ती १८० दिवस चालते, विंडोज एंटरप्राइझची ९० दिवस. कृती लिहून ठेवली असेल तर मुदत संपायच्या आत नव्याने बांधायला एक दुपार पुरते. कायमस्वरूपी करायचं असेल तर व्हिज्युअल स्टुडिओच्या सबस्क्रिप्शनमध्ये डेव्हलपमेंट आणि टेस्टसाठी विंडोज वापरण्याचा हक्क मिळतो, पण तो माणशी असतो, हे लक्षात ठेवा. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती फुकट आहे आणि टेस्टला चालते.

सुरुवात क्लायंटपासून करू नका, इन्स्टॉलपासून करा. तुमचा इन्स्टॉलर एकही प्रश्न न विचारता शेवटपर्यंत जातो का ते बघा. आमचं एकदा रात्री १ वाजता सुरू झालेलं डिप्लॉयमेंट सकाळी ९ पर्यंत एका "ओके"च्या बटणापाशी अडून होतं. आठ तास चार मशीन नुसत्या चालू. ते बटण काढायला डेव्हलपरला दहा मिनिटं लागली.

कोकणवारा · ५ जून, सकाळी १०:३०

पायवाट, त्या डेस्कटॉपला यूपीएस लावा. स्नॅपशॉट जोडले जात असताना वीज गेली तर डिस्क हाताशी राहील याची खात्री नाही.

मोगरा७ · ५ जून, दुपारी १२:००

अजून एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे एन्व्हायर्न्मेंट उभी राहतात भरपूर, पण कुणाची, कशासाठी, अजून लागतात का, हे कुणालाच माहीत नसतं. पुसायची भीती वाटते.

ओसरी · ५ जून, दुपारी १:३५

लॅब सेंटरमध्ये एन्व्हायर्न्मेंटवर "वापरात आहे" अशी खूण करता यायची, कोण वापरतंय आणि कशासाठी हे तिथेच लिहायचं. आम्ही ती सवय साधन गेल्यावरही सोडली नाही. प्रत्येक प्रतीला टॅग: माणसाचं नाव, बगचा किंवा कामाचा क्रमांक, आणि शेवटची तारीख. शेवटची तारीख डीफॉल्टने १४ दिवस. त्याच्या दोन दिवस आधी मेल येतो. मुदत वाढवायला एक क्लिक पुरतो, पण तो माणसानेच करायचा. केला नाही तर प्रत जाते.

सुरुवातीला लोक घाबरले. मग मी एक गोष्ट केली. टीमसमोर माझं स्वतःचं एन्व्हायर्न्मेंट पुसलं आणि कृतीवरून पुन्हा उभं केलं. ३५ मिनिटं लागली, तेवढा वेळ आम्ही कॅंटीनमध्ये बसलो. परत आलो तेव्हा "कोरा" तयार होता. त्यानंतर पुसायला कुणी घाबरलं नाही.

रानवाट · ५ जून, रात्री ८:४५

हे फार आवडलं. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे असंच करून दाखवणार.

दगडफूल · २६ जून, सकाळी ११:२०

तीन आठवड्यांनी परत आलो, सांगायचंच होतं. आयटीला हा धागा दाखवला. त्यांनी एक जुना होस्ट फक्त आमच्यासाठी दिला. डोमेन कंट्रोलर आत घेतला, बाहेरचं कार्ड दिलं नाही. चौघींचा एकत्र स्नॅपशॉट. मधे दोनदा वेब सर्व्हर एकटाच मागे नेण्याचा मोह झाला, नेला नाही.

क्लायंटची दोन टेम्प्लेट केली, भारत आणि अमेरिका. १३ तारखेला रात्रीच्या टेस्टमध्ये अमेरिका सेटिंगवर देयकाच्या तारखेची टेस्ट पडली. त्या क्षणाचा स्नॅपशॉट घेऊन बगला जोडला. डेव्हलपर बंगळुरूला बसतो. त्याने फोन केला नाही, "दिसत नाही" म्हणाला नाही. सरळ मशीन उघडली, बघितलं, आणि दुपारी साडेतीनला दुरुस्ती चेक-इन केली.

ओसरी · २६ जून, सकाळी ११:४५

दगडफूल, आज दिवसभर पुरेल एवढा आनंद झाला. आता मे महिन्यातल्या देयकांच्या तारखाही एकदा तपासून घ्या. १ ते १२ या तारखांच्या नोंदी उलट्या पडलेल्या असू शकतात, आणि त्या अजून कुणाच्या लक्षात आलेल्या नसतील.

दगडफूल · २६ जून, दुपारी ४:१०

तपासल्या. सात सापडल्या. नवा बग टाकलाय.